ठोसरसाहेबांचं डोकं

"माझं अख्खं डोकं त्या कॉम्प्युटरमध्ये उतरवा," जनरल मॅनेजर ठोसरसाहेब मला म्हणाले होते. मॅनेजरला निर्णय सुचवणारी सिस्टीम मी त्यांच्या कारखान्यासाठी बनवत होते. म्हणून त्यांच्या वीस वर्षांच्या फायली मी तिला शिकवल्या. गळका बॉयलर बदलायचा का? समिती नेमली, अध्यक्ष स्वतः साहेब. कँटीनवाला बदलायचा का? पुन्हा समिती, पुन्हा साहेबच अध्यक्ष. तोवर बॉयलर गळून गळून बंद पडला आणि कँटीनवाला म्हातारा होऊन गावी गेला.

आज नव्या मालकीणबाई सिस्टीम बघायला आल्या. माझ्याच खुर्चीत बसून त्यांनी थेट टाईप केलं, "जनरल मॅनेजरला काढायचं का?"

साहेबांच्या कपातला चहा बशीत सांडला. खरं सांगते, मला आतून गुदगुल्या होत होत्या.

स्क्रीनवर उत्तर आलं, "विषय गंभीर आहे. समिती नेमावी. अध्यक्ष: ठोसर."

मालकीणबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. साहेबांनी बशीतला चहा भुरके मारत संपवला.

"मॅडम, उगाच घाई नको," ते म्हणाले. "पहिली बैठक दिवाळीनंतर घेऊ."