मधलं मॉडेल

"पॉवर स्टिअरिंग नसलेली गाडी दाखवूच नको," हणमंतराव म्हणाले.

साध्या मॉडेलचं दार उघडून उभ्या असलेल्या सेल्समन फकिराने ते लावलं. आदिलाबादच्या या शोरूममध्ये गिऱ्हाईक आधी किंमत विचारत असे.

दमयंतीबाईंनी नवऱ्याची बाही ओढली. "काऊन? साधी चालत नाही का? वाचलेल्या पैशात घराला रंग होते."

"पाठ दुखते माझी. जड स्टिअरिंग जमत नाही. अन् तुला तलमडुगुच्या शाळेत जायला गाडी पाहिजे. जीपमंधी कोंबून किती दिवस जाशील?"

दमयंतीबाईंना नोकरी लागल्यापासून तेच त्यांना स्कूटरवर शाळेत सोडत. उन्हाळ्यात ते एकटेच नागपूरला डॉक्टरकडे जाऊन आले आणि आल्या आल्या स्कूटर विकून टाकली.

फकिराने माहितीपत्रक पुढे केलं.

"तूच वाच," हणमंतराव म्हणाले.

साध्यात एसी नव्हता. मधल्यात एसी होता, पॉवर स्टिअरिंग होतं, ड्रायव्हरची सीट खालीवर होत होती. वरच्यात चारही काचांना बटणं, धुक्याचे दिवे, टेप.

"तुमाला वरचंच शोभते, सर."

"टेप काय करायचा? मधलं दे. पण मागच्या काचेला वायपर अन् डावीकडचा आरसा वेगळा बसवून पाहिजे. सीट किती वर होते?"

"बरीच होते. पण तुमच्या उंचीला गरज नाही, सर."

"दाखव."

फकिराने सीट वर केली. हणमंतरावांनी ती हाताने चाचपून पाहिली.

चालवून बघायला त्यांनी किल्ली घेतली नाही. बाईंना पुढे बसवून स्वतः मागे बसले. नेरडीगोंड्याच्या रस्त्यावर त्यांनी फकिराला गाडी वळवायला लावली, मागे घ्यायला लावली, चढावर थांबवून पुन्हा काढायला लावली. प्रत्येक वेळी विचारलं, "जोर लागला का?"

"अवो, तो गाडी विकून राह्यला," दमयंतीबाई हसल्या, "परीक्षा नाही देऊन राह्यला!"

हणमंतराव हसले नाहीत. "पुन्हा एकदा मागं घे," म्हणाले.

गाडी मिळाली त्या दिवशी दमयंतीबाईंनी बॉनेटवर स्वस्तिक काढलं, नारळ फोडला आणि हौसेने डावीकडचं दार उघडलं.

"चला, बसा. सावकाश चालवा बरं!"

"आज फकिरा सोडेल घरी." हणमंतरावांनी त्यांचा हात हातात घेतला आणि तळव्यावर किल्ली ठेवली. "उद्यापासून ड्रायव्हिंग शिकवायला अमृतराव येतील. तुला शिकाच लागते."

"मला? या वयात? अन् तुमी काय करान?"

"मी शेजारी बसत जाईन." त्यांनी बाईंची मूठ घट्ट मिटली. "मला आता तुझा चेहराबी पुसट दिसते, दमयंती."