न उडालेला फ्यूज

आज फ्यूज उडाला नाही, आणि त्याचीच भुवनेश्वरीला भीती वाटली.

गेले आठ दिवस नवऱ्याचा रंग फवारायचा तीन एचपीचा कंप्रेसर सुरू झाला की मिनिटाभरात घरातली लाइट जायची. सिद्धाराम शिव्या घालत यायचा, फ्यूजमध्ये नवी बारीक तार घालायचा, पुन्हा तेच. या मशीनला वेगळी लाइन घ्या, नाहीतर घरातली वायर जळेल, असं वायरमन राजशेखर कानीकपाळी ओरडून गेला होता. पण ऐन लग्नसराईत मुरूम गावच्या गिऱ्हाइकांची कपाटं रंगवायची सोडून अर्ज घेऊन कोण हिंडणार? आज मात्र मशीन अर्धा तास एका दमात धडधडत होतं.

"काय केलंत वो?" ती अंगणात जाऊन ओरडली.

"तांब्याची जाड तार घातली," हातातली रंगाची गन न थांबवता सिद्धाराम हसला. "आता उडू दे की, बघू."

ती तशीच घरात वळली. अंगणातल्या प्लगची वायर आतल्या खोलीतून, भिंतीवरच्या प्लॅस्टिकच्या पट्टीतून गेलेली. तिनं दाराजवळ पट्टीला बोट लावलं. चटका बसला.

आत सासूबाई, शरणम्मा, तळहातावर इष्टलिंग घेऊन त्याच पट्टीखाली आसनावर बसल्या होत्या. पूजेत त्यांना हाक मारायची नाही, शिवायचं नाही. बारा वर्षांत भुवनेश्वरीनं हा नेम एकदाही मोडला नव्हता. ती उंबऱ्यातच खिळली.

तेवढ्यात पूजेत कधीच न बोलणाऱ्या सासूबाईच बोलल्या, "कसली उदबत्ती लावलीस गं आज? डोळं झोंबायलेत."

उदबत्ती लावलीच नव्हती.

भुवनेश्वरीनं म्हातारीला दंडाला धरून अक्षरशः ओढत बाहेर काढलं आणि धावत जाऊन मेन स्विच बंद केला.

"गेला का फ्यूज?" मशीन थांबताच सिद्धाराम तणतणत आत आला.

"न्हाय गेला. आत जाऊन बघा."

तो आतल्या खोलीत गेला. वितळलेली पट्टी भिंतीवरून सुटून खाली लोंबत होती, आणि आसनाला मधोमध भोक पडून धूर निघत होता.

"आई कुठं बसली होती?" त्यानं विचारलं. कळायला लागल्यापासून तो आईला रोज त्याच जागी बसलेली बघत आला होता, तरी विचारलं.