उघड्या दाराचा प्रश्न

रियाधमधल्या शुक्रवारच्या सुट्टीत आसावरी लेकीचा इंग्रजीचा गृहपाठ घ्यायला बसली आणि पहिल्याच प्रश्नाला तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दीडशे वर्षांपूर्वीच्या एका कादंबरीवरचा प्रश्न होता: 'मालकाच्या घराचं दार दिवसभर उघडं असतं, तरी मोलकरीण निघून जात नाही. मग तिला कैदी म्हणता येईल का?'

"म्हणता येईल का, असं विचारतात काय? म्हणायलाच हवं!" आसावरी कडाडली.

नववीतली अन्वी गोंधळली. "पण आई, तिला कोंडलंय कुठे? पगारही वेळेवर मिळतो."

"अगं, तिचे सगळे कागद मालकाने कुलपात ठेवलेत ना! का, तर म्हणे तिच्याकडून हरवतील! परक्या मुलखात कागदांशिवाय ती बिचारी जाणार कुठे? मेल्याला लाज कशी वाटत नाही? लिही, अस्संच लिही!"

घरकामाला श्रीलंकेहून आलेली इनोका चहा ठेवून गेली. संतापाच्या भरात आसावरीने तिच्याकडे पाहिलंही नाही.

"हं, पुढचा प्रश्न?"

"आजच्या काळातलं एक उदाहरण द्या," अन्वीने वाचलं आणि ती भराभर लिहायलाच लागली.

"थांब गं, मला एखादं आठवू तर दे."

"मला आठवलं," वहीतून मान वर न काढता अन्वी म्हणाली. "इनोकादीदीचा पासपोर्ट तुझ्याच कपाटात असतो ना गं आई, दागिन्यांच्या डब्याखाली?"