कूस

दुपारी उर्मिलाने वडिलांना भिंतीकडे कुशीवर वळवलं. अपघातानंतर अण्णांना मानेखालचं काही हलवता येत नव्हतं, तिथला स्पर्शही कळत नव्हता.

"आज किती सहज वळलो," अण्णा म्हणाले.

मेंदूत चिप बसवण्याआधी ते रडायचे, पोत्यासारखं उलथू नका म्हणायचे. आता कुणीही वळवलं तरी त्यांच्या मेंदूला आपणच वळलो असं वाटायचं. उर्मिलाने खरं काय ते सांगून पाहिलं होतं. अण्णा हसले होते. म्हणाले होते, मल्लखांबावर पहिली उडी स्वतःची स्वतः जमली तरी माझ्या शिष्यांनाही वाटायचं, सरांनीच धरलंय.

"आता आधाराचा हात काढ," भिंतीकडे बघत अण्णा म्हणाले. "मी पोरांचा असाच काढायचो."

खरंच काढावा, असं तिला क्षणभर वाटलं. पण एकाच कुशीवर पडून झालेल्या जखमा आत्ताच कुठे सुकत होत्या. तिने दोन्ही हात त्यांच्या कमरेखाली सारले.

"काढला, अण्णा," ती म्हणाली, आणि श्वास रोखून तिने त्यांना उताणं केलं.

अण्णांचा चेहरा उजळला होता.

"बघितलंस? उद्या खुशाल पुण्याला नोकरीवर जा. मला आता कुणी लागत नाही."