जांभूळ

गोल्फची ती वार्षिक स्पर्धा जिंकणाऱ्याने शेवटच्या होलपाशी एक झाड लावायचं, असा रिवाज होता. विश्राम धायगुडेंनी ऐन पंचविशीत जांभूळ लावलं. जांभूळ फोफावलं, धायगुडे मात्र पुन्हा कधी जिंकले नाहीत.

यंदा शेवटच्या होलपर्यंत तेच पुढे होते. तिथे चेंडू भरकटला आणि नेमका त्या जांभळाच्या मुळांत जाऊन रुतला.

"आपलंच झाड आडवं आलं की हो, साहेब," त्यांच्या काठ्या वाहणारा कॅडी हळहळला.

चेंडू बाहेर काढता काढता स्पर्धा हातची गेली.

जिंकलेल्या तरुणाने पाया पडून विचारलं, "काका, माझं रोप कुठं लावू?"

झाडांमधून होलभोवतीच्या ग्रीनकडे चेंडू जायला आता एकच फट उरली होती. धायगुडेंनी तिच्याकडे बोट दाखवलं.

"लाव तिथंच. मला आता कुठं यायचंय?"