आठ शनिवारांच्या सह्या

आठ सह्यांपैकी सात खोट्या होत्या. जिन्याच्या वळणावर थांबून बाईंनी कार्ड पुन्हा एकदा उजेडात धरलं. मत बदलावं असं काही दिसलं नाही. पहिली सही पाण्यासारखी वाहती, शेवटी झोकदार वळण घेणारी, आयुष्यभराची सवय असलेल्या हाताची. पुढच्या सात मात्र धक्के खाणाऱ्या गाडीत बसून केल्यासारख्या. दुसऱ्या शनिवारी नुसता गुंता, तिसऱ्या शनिवारी त्यातून सुटलेलं एक अक्षर, मग दर आठवड्याला थोडी सुधारणा. सातही सह्यांवर शाई फासलेली. खोटी सही करणाऱ्याचा हात सरावाने सुधारतो, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. प्रगतिपुस्तकावर स्वतःच वडील होऊन सही ठोकणारी कितीतरी मुलं त्यांनी वीस वर्षांत पकडली होती.

मागून बारकी जिना चढत होती. दहावीत असूनही सातवीतली वाटे, म्हणून शाळेच्या सेवा मंडळात तिला हे नाव पडलं होतं. मंडळाची मुलं दर शनिवारी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे दोन तास मदतीला जात आणि निघताना कार्डावर त्यांची सही आणत. सोळा तास भरले की शिफारसपत्र मिळे. त्या पत्राशिवाय बारकीला वसतिगृहात जागा मिळणार नव्हती, आणि वसतिगृहाशिवाय तिचं शिक्षण दहावीलाच थांबणार होतं. एक सही खोटी निघाली तरी अख्खं कार्ड रद्द, हा नियम बाईंनीच लिहिलेला होता.

"अजून वेळ गेलेली नाही," बाई म्हणाल्या. "काय ते दाराबाहेरच सांगून टाक."

"काकांनाच विचारा ना, बाई. मी शब्द दिलाय त्यांना."

"पकडलं गेलं की सगळ्यांनाच शब्द आठवतात."

दार नुसतं लोटलेलं होतं. आत खिडकीशी खुर्चीवर पेंटर बसले होते, मांडीवर चादर घेऊन. चाळीस वर्षं त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. कोपऱ्यात रंगाचे डबे रचलेले होते आणि त्यांतले ब्रश वाळून काड्या झाले होते.

"काय गं बारके, आज तपासनीस घेऊन आलीस की काय?"

"काका, आमच्या बाई आहेत."

"अरे देवा! मग गंमत मागे घेतो. बसा हो बाई."

बाई बसल्या नाहीत. कार्डावर आठही वेळा 'खोलीची आवराआवर' असं लिहिलं होतं. त्यांनी खिडकीच्या कठड्यावरून बोट फिरवलं. बोट काळं झालं.

"दर शनिवारी दोन तास आवराआवर. आणि ही एवढी धूळ?"

"झाडू मारायच्या बाबतीत पोरगी अगदीच कच्ची आहे," पेंटर म्हणाले. पण त्यांची नजर बाईंच्या नजरेला टिकली नाही.

बाईंनी कार्ड त्यांच्यासमोरच्या टेबलावर ठेवलं. "ही पहिली सही तुमची, हे दिसतंच आहे. बाकीच्या सात कुणाच्या?"

"माझ्याच."

"मग माझ्यासमोर एक करून दाखवा."

त्यांनी पेन पुढे केलं. चादरीखालचा हात हलला नाही. पेंटरांनी एकवार बारकीकडे पाहिलं आणि मान हलवली. ती पुढे झाली. तिने पेन त्यांच्या डाव्या हातात दिलं, बोटं नीट बसवली आणि कार्ड सरकू नये म्हणून त्यावर आपला पंजा दाबून धरला. पेंटर सही करू लागले. श्वास रोखून, ओठ दाबून, एकेक अक्षर. पुढे सरकणारा हात मागच्या ओल्या शाईवरून घासत गेला. आठव्या सहीपेक्षा ही सही थोडी बरी होती.

"उजवी बाजू गेली माझी," ते म्हणाले. "पाट्या रंगवणारा माणूस आता अंगठा उठवतो, हे गल्लीला कळू द्यायचं नव्हतं. म्हणून हिला म्हटलं, तू आपली आवराआवर लिही."

बारकीने खाटेखालून जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा ओढला. पानं उभ्या रेघांनी भरलेली होती. त्यानंतर आडव्या रेघा, मग अर्धगोल, मग अक्षरं.

"हाताखालच्या पोरांना मी असंच शिकवायचो. हिला ते सांगून बसलो आणि फसलो! 'रेघ हलली काका, पुन्हा काढा.' चहासुद्धा पिऊ देत नाही, बाई. महाखट आहे."

बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी पेनला टोपण लावलं. "चूक माझी झाली," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "म्हणजे सगळ्या सह्या खऱ्या आहेत."

पेंटरांनी घाईघाईने मान डोलावली. बारकीने मात्र पंजा पुन्हा कार्डावर ठेवला.

"नाही, बाई. एक खोटी आहे."

"बारके, गप्प बस!"

"पहिली. त्या शनिवारी काकांच्या हातात पेन राहतच नव्हतं. त्यांच्या जुन्या पाटीवरची सही बघून ती मी केली."

बाई त्या सहीकडे पाहत राहिल्या. याच सहीच्या मापाने त्यांनी बाकीच्या सात खोट्या ठरवल्या होत्या. नियम काय आहे, ते तिघांनाही माहीत होतं.

बाईंनी टोपण पुन्हा काढलं आणि ती देखणी सही एका रेघेत खोडली. बारकीने मान खाली घातली.

मग बाईंनी कार्ड पेंटरांच्या डाव्या हाताशी सरकवलं, त्यावर स्वतःचा पंजा दाबून धरला आणि म्हणाल्या, "काका, त्या शनिवारची तुमची सही राहिली आहे."