विसरलेला रुमाल

किल्ल्यातली अंधारकोठडी दाखवून झाली, की मी परदेशी पाहुण्यांना मठात नेते. कोठडीला कडी बाहेरून आहे, मठाला आतून. दाराशी तरुण साधू उघड्या डोक्याच्या बायकांना टोपलीतले रुमाल देतो. आजही मी हात पुढे केला. “लामारा, जगाला जॉर्जिया दाखवतेस आणि स्वतःचा रुमाल रोज विसरतेस?” ड्रायव्हर गोचा ओरडला. “डोकं धडाला चिकटलंय म्हणून बरं, नाहीतर तेही घरी राहिलं असतं!” मीही हसले. तो साधू माझा मुलगा. दीक्षेनंतर त्याचं जुनं नाव घ्यायचं नाही, आई म्हणून भेटायचं नाही, असा दंडक. पाहुणीला रुमाल तेवढा मिळतो. त्याची नजर माझ्या पिशवीवर थबकली. माझ्याच रुमालाचं टोक बाहेर डोकावत होतं. त्यानं ते हळूच आत खुपसलं, टोपलीतला रुमाल दिला आणि खालमानेनं पुटपुटला, “बाई, उद्याही विसराल ना?”